वारो खंयसून येता?

साउथॅम्प्टन

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, मागच्या रविवारी फोनवर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लुलवर्थ बंदराचं नाव काढलं तेव्हा तुम्ही पहिलं काय विचारलंत? "थंय वारो खंयसून येता?" मला सांगता आलं नाही, म्हणून काल मुद्दाम पुन्हा जाऊन आले. बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो, आपल्या पावसाळी वाऱ्यासारखाच. आणि बंदराचं तोंड दक्षिणेला. तरी आत होड्या जेमतेम डुलत होत्या, बाहेर मात्र खडकांवर फेस उडत होता.

पाणी परातीसारखं गोल आहे. समुद्राच्या अंगाला चुनखडीची टणक भिंत, तिच्या मागे मऊ वाळू नि चिकणमाती, आणि पार मागे खडूच्या दगडाचा पांढरा कडा. साधारण 10,000 वर्षांपूर्वी ओढ्याने आणि समुद्राने मिळून त्या भिंतीला खिंडार पाडलं. एकदा पाणी आत शिरल्यावर माती वाहून जायला कितीसा वेळ! खडूच्या कड्यापाशी मात्र समुद्राचा वेग मंदावला. अरुंद तोंडातून आलेली लाट आत पंख्यासारखी पसरते, म्हणून तिचा जोर विरतो आणि काठही गोल होतो. पाच मिनिटांवर 'स्टेअर होल' आहे. तिथे चुनखडीला नुकत्या कुठे कमानी पडल्यात नि मागची माती ढासळतेय. म्हणजे पुढचं बंदर तयार होतंय! तिथले थर आईच्या गोधडीसारखे दुमडलेत. आफ्रिकेच्या ज्या रेट्याने आल्प्स उभे राहिले, त्याचाच हा इथवर पोचलेला धक्का. हा सगळा किनारा 2001 पासून जागतिक वारसा आहे.

आपल्या देवगडला किल्ल्याचा डोंगर आडवा उभा आहे म्हणून बंदर शांत. वादळाचा बावटा लागला की गुजरातच्या, कर्नाटकच्या होड्या आत यायच्या. मला लहानपणी वाटायचं, जत्रेला आल्यात. तुम्ही मात्र रात्री जाऊन होड्या मोजत बसायचात, त्यात आपली एकही नसली तरी.

आईने सांगितलं, तुम्ही जेटीवर शेवाळावरून घसरलात आणि मला कळवू नको म्हणून तिला बजावलंत. बाबा, असं नका करू. दोन रात्री मला झोप नाही. बंदरावर जाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण पहाटे काळोखात एकटे जाऊ नका आणि काठी घेऊन जा.

आता माझं ऐका. 1 जून ते 31 जुलै तशीही मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, झाप घालून झाकलेल्या. तेव्हा तुम्ही दोघं इकडे या. आई, जूनमध्ये इथे बर्फ नसतो गो, आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो. लुलवर्थचे कोळी शेवंडं नि कुर्ल्या पिंजऱ्यात धरतात, तुला ताज्या बघायला मिळतील. किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. बाबांचा गुडघा धरला तर वर बाकावर बसू, तिथून तोंड नीट दिसतं. नांगर कुठे टाकायचा ते बाबांनी तिथूनच सांगावं.

दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो शेजारच्या मुलाकडून या आठवड्यात पाठवा. आईच्या पासपोर्टची मुदत बघा, मला वाटतं संपत आलीय.

तुमची,
बाय