ती लांडोर नव्हे, माळढोक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात दुर्मीळ ग्रंथांतल्या चित्रांचे स्टिकर करणाऱ्या तरुणांची बातमी वाचली. पोरांचं कौतुक केलंत, ठीक केलंत. पण फोटोतल्या मधल्या पक्ष्याखाली ‘लांडोर’ छापलंत? सोलापूरच्या दैनिकानं? माळढोकांचं अभयारण्य असलेलं नान्नज बार्शी रोडनं इथून जेमतेम वीस किलोमीटर. अहो, तो माळढोक आहे!

बातमीदाराला एकट्याला दोष देत नाही. स्टिकरवर नाव असतं तर तो बिचारा चुकला नसता. ह्यूम आणि मार्शल यांनी भारतातल्या शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंड काढले, त्यातल्या पहिल्या खंडातलं हे चित्र. साल १८७९. (ह्यूम म्हणजे ते काँग्रेसवालेच.) मूळ पानावर चित्राखाली पक्ष्याचं नाव आहे. स्टिकरवाले मागचा माळ पुसतात, पक्ष्याच्या कडेकडेनं कटिंग करतात आणि त्यात नावही जातं. पुस्तक, साल, काही उरत नाही. उरतो तो लांब मानेचा कोणीतरी पक्षी, मग त्याला लांडोर म्हणा नाहीतर शहामृग.

मी चित्रकला शिक्षक होतो. १९८६ साली सातवीची चाळीस पोरं एसटीनं नान्नजला नेली होती. अभयारण्य होऊन सातच वर्षं झाली होती. लांब गवतात एक नर उभा दिसला. दुर्बीण एकच, त्यामुळे निम्म्यांची पाळी येईपर्यंत तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी वर्गात चित्रं काढायला लावली तर कोंबडीला उंटाची मान लावलेले चाळीस प्राणी निघाले.

म्हणून शहरातल्या एका जुन्या वाचनालयात गेलो. रजिस्टरात हा ग्रंथ होता. पण तो कपाटात आणि कपाटाची किल्ली कार्यवाहांकडे. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला शिपायानं कपाट उघडलं, तेही ‘मास्तर, पाच मिनिटं’ म्हणून. माळढोकाचा मजकूर शाबूत होता, चित्राचं पान नव्हतं. कोणीतरी ब्लेडनं कापून नेलं होतं. शिवणीजवळ बोटभर पट्टी उरली होती आणि तिच्यावर वाचनालयाचा अर्धा शिक्का. मी सांगितलं, तर कार्यवाह म्हणाले, ‘तुमच्याआधी कोणी मागितलंच नव्हतं, मग पान गेलं कधी?’ म्हणजे चोर मीच! त्यानंतर त्या वाचनालयाची पायरी मी चढलो नाही.

तेच चित्र या वर्षी नातवानं मोबाइलवर दाखवलं. परदेशातल्या ग्रंथालयांनी अशी पुस्तकं पान न् पान स्कॅन करून नेटवर ठेवली आहेत, फुकट. ब्रिटिश लायब्ररीनं तर २०१३ मध्ये जुन्या पुस्तकांतली दहा लाखांवर चित्रं एकदम खुली केली, कोणीही घ्या, काहीही करा. हक्काचा प्रश्न नाही, ह्यूमना जाऊन शंभरावर वर्षं झाली. तेव्हा स्टिकर करायला माझी हरकत नाही. ब्लेडवाल्यापेक्षा हे कटिंगवाले शंभर पटींनी बरे, पुस्तकाला धक्का लागत नाही. फक्त पायाशी एक ओळ ठेवा म्हणतो. माळढोक, ह्यूम आणि मार्शल, १८७९. एवढ्यानं काय बिघडतं?

‘आजोबा, स्टिकरवर एवढं कोण वाचतंय?’ असं त्या दुकानातल्या मुलानं मला ऐकवलं. ह्यूमसाहेब माझ्याहून खवट होते. स्वतःच्या ग्रंथातली कित्येक चित्रं त्यांना पसंत पडली नाहीत, तर कुठे काय चुकलंय ते त्यांनी त्याच ग्रंथात छापलं. पुढे सिमल्यात त्यांची पक्ष्यांवरची अनेक वर्षांची टिपणं नोकरानं बाजारात रद्दीत विकली आणि ह्यूमसाहेबांनी पक्ष्यांचा नादच सोडला.

तर आपणही ह्यूमसाहेबांप्रमाणे आपली चूक आपल्याच अंकात छापावी. सातव्या पानाच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात नको, फोटो होता तिथेच. आणि चुकांचा विषय निघालाच आहे तर, त्याच पानावर पाण्याचं वेळापत्रक होतं. आमच्या पेठेला रात्री अकराला पाणी, असं त्यात लिहिलं होतं. ते वाचून मी आणि सौ. घागरी मांडून दोनपर्यंत जागलो. पाणी आलं दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात कोणी नसताना. त्याचीही दुरुस्ती येऊ द्या.

स्टिकर मी घेतला, पस्तीस रुपये. नातवानं तो फ्रिजला लावलाय. खाली बॉलपेननं नाव लिहायला गेलो तर त्या गुळगुळीत प्लॅस्टिकवर शाई उमटेना. आता सीडीवर लिहायचा मार्कर आणायला सांगितलाय.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
साखर पेठ, सोलापूर