सहीपूर्वी विचारा : झडप वाचेल का?

महोदय,

हृदयरोग म्हटले की आपल्याकडे ब्लॉकेज, स्टेंट आणि बायपास यापलीकडे बोलणे जात नाही. वर्तमानपत्रांच्या आरोग्यविषयक पानांवरही बहुधा तेच. पण हृदयातून निघणारी महाधमनी मुळाशीच फुगत जाणे हाही एक आजार आहे. तो ऐन तारुण्यात होऊ शकतो, आणि भिंत फाटायची वेळ येईपर्यंत अनेकांना काही जाणवतही नाही.

माझ्या पुतणीला तो निघाला. नोकरीच्या मेडिकलमध्ये डॉक्टरांना छातीत वेगळा आवाज आला, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आणि अहवालात आकडा आला ५.२ सेंटीमीटर. एरवी मुळाशी ही धमनी साधारण तीन-साडेतीन सेंटीमीटर असते. शहरातल्या एका सर्जननी थोडक्यात सांगितले, ‘‘व्हॉल्व्हसकट (हृदयाच्या झडपेसकट) सगळे काढून मेटलचा व्हॉल्व्ह बसवू, लवकर ठरवा.’’ संमतिपत्र समोर आले, वहिनींनी पेनही उघडले. दुसराही मार्ग असू शकतो, असे तोवर एकानेही सांगितले नव्हते. भावाने हट्टाने मुंबईला कागद दाखवले, तेव्हा कळले की झडपेची तिन्ही पाती पातळ आणि धडधाकट आहेत. बिघडली आहे ती भिंत. चौकट फाकल्यामुळे दार नीट बसत नाही, म्हणून दारच फेकायचे का?

सगळे काढून झडपेसह नळी बसवण्याची शस्त्रक्रिया ह्यू बेंटॉल आणि अँटनी डी बोनो यांनी १९६८ मध्ये मांडली. तिने असंख्य जीव वाचवले आहेत, तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण टोरांटोच्या टिरोन डेव्हिड यांनी १९९२ मध्ये दुसरी रीत प्रसिद्ध केली. तिच्यात फुगलेली भिंत कापून काढतात, रुग्णाची स्वतःची पाती तेवढी राखतात आणि ती डेक्रॉन या कृत्रिम कापडाच्या नळीच्या आत शिवून बसवतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही कोरोनरी वाहिन्यांची तोंडे बटणाएवढी कापून त्याच नळीला जोडतात. लंडनमध्ये मगदी याकूब यांनीही झडप राखणारी वेगळी पद्धत रुजवली होती. टोरांटोच्या रुग्णांपैकी वीस वर्षांनंतरही झडपेसाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागलेले फार थोडे आहेत.

पंचविशीतल्या मुलीला याने काय फरक पडतो, ते ऐका. मेटलचा व्हॉल्व्ह म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर. आयएनआरची, म्हणजे रक्त किती उशिरा गोठते याची, तपासणी करत तो आकडा साधारण दोन ते तीनमध्ये ठेवायचा. मेथी-पालक एकदम जास्त खाल्ली तरी तो हलतो, दात काढायचा तरी आधी डॉक्टरांना विचारायचे. आणि उद्या दिवस राहिले तर तीच गोळी पोटातल्या बाळाला धोक्याची. टिश्यू (प्राण्याच्या ऊतीचा) व्हॉल्व्ह घेतला तर सहसा ही गोळी कायमची नसते, पण तो साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजतो, आणि वय जितके कमी तितका लवकर. म्हणजे छाती पुन्हा उघडणे आलेच. तिचे लग्न ठरलेले होते. हे सगळे त्या दहा मिनिटांत कोण बोलणार होते?

झडप प्रत्येकाची वाचत नाही, हेही खरे. पाती फाटली असतील, त्यांवर चुना साचला असेल, किंवा मध्यरात्री धमनी चिरून रुग्ण दाखल झाला असेल, तर सर्जन बेंटॉलच करतील आणि बहुतेकदा तेच योग्य ठरेल. झडप राखण्याचे काम जास्त वेळखाऊ आणि नाजूक आहे, प्रत्येक ठिकाणी ते होणार नाही. माझी तक्रार त्याबद्दल नाहीच. ‘‘आमच्याकडे ही शस्त्रक्रिया होत नाही, पण तुमच्या मुलीची झडप वाचण्यासारखी आहे, एकदा विचारून या,’’ एवढे वाक्य बोलायला काय लागते? वेळ होता, मुंबई काही सातासमुद्रापार नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशिकच्या म्हसरूळला आहे. दोन्ही शस्त्रक्रियांची साध्या मराठीतली एक पानी माहिती विद्यापीठाने तयार करावी आणि संमतिपत्राबरोबर ती रुग्णाच्या हातात पडावी, ही माझी जाहीर विनंती.

मात्र ही निवड करायला मिळते ती फुगा वेळेत सापडला तर. एरवी ५.५ सेंटीमीटरला शस्त्रक्रिया सुचवतात, मारफान सिंड्रोम (शरीराला आधार देणाऱ्या ऊती कमकुवत करणारा जनुकीय आजार) असेल तर पाचलाच. मारफान साधारण पाच हजारांत एकाला असतो आणि आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. म्हणून पुतणीच्या धाकट्या भावाचाही इको करून घेतला.

निवृत्त क्रीडाशिक्षिका म्हणून मला यातली एक गोष्ट सतावते. उंच, सडपातळ, लांब हातांची मुले दिसली की आम्ही त्यांना व्हॉलीबॉल-बास्केटबॉलला ओढतो, आणि मारफानची ठेवणही नेमकी तशीच. अमेरिकेची नामवंत व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ मध्ये जपानमधल्या सामन्यात बाकावर बसलेली असताना कोसळली. वय ३१. महाधमनी फाटल्यावर निदान कळले. आमच्या बी.पी.एड.ला यातले अक्षरही नव्हते, आता असेल तर उत्तमच.

मीनाताई ठाकरे स्टेडियमवर किंवा शाळेच्या मैदानावर निवड करणाऱ्यांनी दोन गोष्टी सहज पाहाव्यात. अंगठा आत दुमडून मूठ मिटली तर त्याचे संपूर्ण नख करंगळीच्या बाजूने बाहेर येते का? एका हाताच्या अंगठ्याने आणि करंगळीने दुसरे मनगट वेढले तर दोन्ही नखे एकमेकांवर चढतात का? नुसत्या यावरून आजार ठरत नाही, मुलांना घाबरवूही नये. पण दोन्ही खुणा असतील, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर पालकांना टू-डी इको करून घ्यायला सांगावे. आणि अहवालात धमनीच्या मुळाचा व्यास आकड्यात लिहिला आहे की नुसते ‘नॉर्मल’, हे पालकांनी तिथल्या तिथे पाहून घ्यावे.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, इंदिरानगर, नाशिक
(कृपया नाव छापू नये.)