तंबू टॉकीजच्या ऑपरेटर काकांना, आजीच्या वतीने

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

समोर आले की तुम्ही आधी चहा टाकायला सांगता आणि आभाराचा विषयच निघू देत नाही. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. इथे तरी तुम्हाला मला अडवता येणार नाही.

दिवाळीपासून आजीने एकच धोशा लावला होता. "भांडी घासतीया बघ ती. लेकाच्याच घरात. आन् गाणं म्हणतीया." सिनेमाचं नाव तिला आठवत नव्हतं, आमची नावं तर तिने कधीच सोडून दिली होती. एवढंच सांगायची की आपली सुलोचनाबाई होती आणि पुसेगावच्या जत्रेत तंबूत बघितला. आजीचं माहेर खटाव तालुक्यातलं. सेवागिरी महाराजांच्या रथाच्या गोष्टी ती अजून सांगते, पण त्या सिनेमाचा धागा काही लागत नव्हता. सोशिक आईच्या भूमिका सुलोचनाबाईंनी किती केल्या! मी मोबाईलवर एकेक लावून दाखवायची, आजी पाच मिनिटं बघून भिंतीकडे तोंड करायची. शेवटी आमच्या गल्लीतल्या शिंप्यांनी तुमचं घर दाखवलं.

तुम्ही दारातच म्हणालात, "गाणं म्हणती ना? मग 'मोलकरीण'. १९६३चा. वर्षानुवर्षं लावलाय मी."

आणि मग खुर्ची पुढे ओढून जे सांगायला बसलात, ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं. त्या गाण्यात देव भेटला तर ती आई बाळासाठी काय काय मागते, त्याला न्हाऊ घालायला कृष्णा आणि गोदा येऊ दे म्हणते. ते लिहिणारे पी. सावळाराम आपल्या वाळवा तालुक्यातल्या येडेनिपाणीचे, आणि गाणाऱ्या आशाताईंचा जन्म सांगलीचा. मी इथेच लहानाची मोठी झाले, रोज आयर्विन पुलावरून जाते, तरी ते गाणं असं आपल्या घरातलं असल्याचं मला ठाऊक नव्हतं.

मी बोलता बोलता म्हणून गेले, सुलोचनाबाई म्हणजे आईच्या भूमिकेसाठीच जन्मलेल्या. तुम्ही एकदम गंभीर झालात. "असं म्हणू नये पोरी. ती तिची मेहनत होती."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. चिकोडीजवळचं खडकलाट, म्हणजे इथून काही फार लांब नाही. तिथली ३० जुलै १९२८ला जन्मलेली मुलगी कोल्हापूरच्या स्टुडिओत येते, जयप्रभात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली शिकते. १९५३च्या 'वहिनींच्या बांगड्या'त त्या वहिनी झाल्या तेव्हा पंचविशीच्या होत्या. 'मराठा तितुका मेळवावा'मधली त्यांची जिजाबाई तर तुम्ही जागेवरून उठून, पाठ ताठ करून मला दाखवलीत. पण १९५९च्या 'सुजाता'त त्या नूतनला वाढवणारी आई झाल्या आणि नूतन त्यांच्याहून फक्त आठ वर्षांनी लहान होती. 'मोलकरीण'मध्ये त्यांचा मुलगा झालेले रमेश देव जेमतेम सहा महिन्यांनी लहान. आणि १९७०च्या 'जॉनी मेरा नाम'मध्ये त्या ज्यांची आई झाल्या त्यातले देव आनंद त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठे आणि प्राण आठ वर्षांनी! मी घरी येऊन पुन्हा पुन्हा हिशोब केला. आपल्यापेक्षा वयाने मोठ्या माणसाकडे 'बेटा' म्हणून बघायचं आणि तंबूतल्या हजार माणसांना ते खरं वाटायला लावायचं, याला आपण 'सोज्वळ चेहरा' एवढंच म्हणून मोकळे झालो. त्यांना १९९९ला पद्मश्री आणि २००९ला महाराष्ट्र भूषण मिळाला. ४ जून २०२३ला त्या गेल्या तेव्हाही बहुतेकांनी 'पडद्यावरची आई गेली' असंच लिहिलं. मीही त्यातलीच होते. आज मला वाटतं की आधी 'नटी' लिहायला हवं होतं.

तुम्ही मला सुलोचनाबाईंचे हात बघायला शिकवलंत, आणि ते तंबूत नीट दिसावेत म्हणून तुम्ही काय करायचात तेही सांगितलंत. एकच प्रोजेक्टर, दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपणार, मध्ये अंधार आणि शिट्ट्या. प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या काड्या जळत जातील तशा जवळ आणायच्या, नाहीतर पडद्यावरचा उजेड पिवळा पडायचा. त्या गाण्याच्या आधी तुम्ही काड्या नीट करून ठेवायचात, कारण कनातीपलीकडे, बायकांच्या बाजूला, तेव्हा कुणी हूं की चूं करत नसे. त्या शांततेत उजेड ढळला तर तो तुम्हाला स्वतःचा गुन्हा वाटायचा. कुणी न सांगता, बिनपगारी, तुम्ही त्यांच्या अभिनयाची राखण करत होता.

आणि त्या रविवारी तुम्ही काठी टेकत आमचे दोन जिने चढून आलात. मी टीव्हीवर सिनेमा लावत होते, तर तुम्ही थांबवलंत. आजीसमोर उभे राहून जीपवरच्या भोंग्यातला तो जुना पुकारा सुरू केलात: आज रात्री, ठीक साडेनऊ वाजता, आपल्या गावात... आजी भिंतीकडची वळली. तिने पदर डोक्यावरून घेतला, केस चाचपले आणि कमरेचा बटवा सोडून विचारलं, "बायकांचं तिकीट केवढ्याला?"

आम्ही सगळे गप्प. तुम्ही मात्र सहज म्हणालात, "आठ आणे, आक्का." तिने एक रुपयाचं नाणं दिलं. तुम्ही खिशातल्या डायरीचं पान फाडून तिकीट दिलंत आणि आठ आणे आता चालत नाहीत म्हणून मोडीऐवजी खडीसाखरेचा खडा तिच्या हातावर ठेवलात.

गाणं लागलं तेव्हा तिने माझा हात धरला आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा मला माझ्या नावाने हाक मारली. "बघ, घासतीया का न्हाई?" त्यानंतर पुन्हा कधी तिला माझं नाव आठवलं नाही. त्या एका हाकेचे आभार कसे मानतात ते मला येत नाही काका, म्हणून हे एवढं पाल्हाळ.

तिकीट तिच्या बटव्यातच आहे. अंघोळीच्या वेळीसुद्धा ती तो कुणाला काढू देत नाही.

तुमची गाण्यांची चोपडी माझ्याकडे राहिली आहे. पानं सुटत होती, ती बाइंडरकडून शिवून घेतली आहेत. रविवारी आणून देते. चहा मात्र या वेळी मी करणार.

तुमची,
आक्कांची नात
सांगली