ठेव मोडू नका, जनरेटर सुरू झाला आहे

कुंडई, फोंडा

तीर्थरूप बाबा आणि आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी वाळपईच्या बँकेतली मुदत ठेव मोडून मला जनरेटरच्या रिवाइंडिंगचे, म्हणजे आतली तारेची वेटोळी नव्याने गुंडाळून घेण्याचे, पैसे देण्याची गोष्ट काढली, तेव्हापासून जिवाला चैन नव्हते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. ती ठेव कृपया मोडू नका. मी घेतलेल्या जुन्या वेल्डिंग जनरेटरचे वाइंडिंग जळालेलेच नव्हते.

इंजिन सुरुवातीला दोन मिनिटांत बंद पडे. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साचले होते. फिल्टर बदलून लाइनमधली हवा काढली आणि ते काम संपले. खरी अडचण पुढेच होती. इंजिन १५०० फेऱ्यांवर स्थिर चालत असूनही २३० व्होल्टच्या सॉकेटवर मीटर जवळपास शून्य दाखवत होता आणि रॉड टेकवला तरी ठिणगी पडत नव्हती. ज्यांना दाखवले त्यांनी मशीन न उघडताच वाइंडिंग गेले असे सांगितले. मला ते पटले नाही, कारण जळक्या वार्निशचा वास कुठेच येत नव्हता.

बाबा, तुम्ही बार्जवरच्या मोटरचे कार्बन ब्रश त्यांच्या तारेची शेपटी हलकेच ओढून तपासायचात, तेच मी केले. एक ब्रश खालीवर झाला, दुसरा हललाच नाही. मशीन दोन पावसाळे जुवारीकाठच्या शेडमध्ये पडून होते. खाऱ्या दमट हवेने ब्रश त्याच्या खोबणीतच अडकला होता आणि खालच्या स्लिप रिंगवर, म्हणजे ब्रश ज्यावर टेकतो त्या फिरत्या धातूच्या कड्यावर, हिरवट थर चढला होता. बारीक काचकागदाने रिंग घासली. एमरी मुद्दाम टाळला, कारण त्याची पूड वीज वाहून नेते. मग इन्सुलेशन तपासायच्या ५०० व्होल्टच्या मेगर मीटरने पाहिले तर इन्सुलेशन जेमतेम अर्धा मेगओम भरले, म्हणून आत बल्ब लावून दोन दिवस सुकवले, तेव्हा ते ५ मेगओमच्या वर गेले.

तरीही व्होल्टेज येईना. आई, दूध कितीही चांगले असले तरी विरजणाशिवाय दही लागत नाही ना? अशा जनरेटरला पहिली वीज त्याच्या लोखंडात शिल्लक राहिलेल्या चुंबकत्वातून मिळते, आणि बराच काळ पडून राहिल्याने तेच विरजण संपले होते. धन-ऋण टोके नीट जुळवून, मध्ये एक बल्ब घालून, १२ व्होल्टच्या बॅटरीची वीज फील्डला, म्हणजे चुंबकत्व तयार करणाऱ्या वेटोळ्याला, काही सेकंद दिली. मीटरचा काटा आधी थरथरला आणि मग सरसर २३० वर जाऊन थांबला. तो क्षण तुम्ही दोघांनी पाहायला हवा होता.

वेल्डिंगच्या बाजूचा एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला होता, तो बदलला. आता ३.१५ मिलिमीटरचा रॉड ११० अँपिअरवर ठिणगी न तुटता चालतो. ब्रशची जोडी, डायोड, फिल्टर आणि डिझेल, एवढाच खर्च आला.

आई, तू धुराची काळजी करत होतीस. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि नुसते दार उघडे ठेवून भागत नाही, म्हणून मशीन मी शेडबाहेर उघड्यावरच चालवतो.

चतुर्थीला येताना ते टेम्पोतून घेऊन येईन. विहिरीच्या तोंडाचा व्यास आणि कठड्याची जाडी बाबांनी टेपने मोजून ठेवावी, म्हणजे विहिरीवरच्या जाळीच्या पट्ट्या इथूनच कापून आणता येतील.

तुमचा,
थोरला