पावसाची नोंद गावोगावी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्या दैनिकात तालुकानिहाय पावसाचे आकडे येतात आणि आम्ही शेतकरी मंडळी अंक उघडताच आधी तेच पाहतो. पण आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यासाठी छापलेला एकच आकडा नेमका कोणत्या गावाचा समजायचा, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. कणकुंबी-जांबोटीच्या घाटमाथ्यावर हंगामात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच तालुक्यात पूर्वेला बिडीकडे सरकले की तो झपाट्याने उतरतो आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अथणीत तर आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते.

कर्नाटक राज्याच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राने ग्रामपंचायतनिहाय स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, दर पंधरा मिनिटांनी त्यांची नोंद मिळते, हे काम निःसंशय मोठे आहे. मात्र एका पंचायतीत अनेक शिवारे येतात आणि वळवाचा पाऊस पंचायतीची हद्द पाहून पडत नाही. गेल्या काही वर्षांपासून मी येळ्ळुरात घराच्या अंगणात एक आणि शेतात एक असे दोन साधे मापक ठेवले आहेत. दोघांत जेमतेम दीड किलोमीटरचे अंतर. तरीही एका संध्याकाळच्या पावसानंतर अंगणातले नळकांडे अर्ध्याहून अधिक भरले होते आणि शेतातल्या नळकांड्याच्या तळाशी बोटभरच पाणी होते. बळ्ळारी नाल्याला पूर येऊन भाताची खाचरे बुडतात, तेव्हा पंचनाम्याच्या वेळी आकडा मात्र भलत्याच ठिकाणचा पुढे केला जातो. हा अनुभव मी स्वतः घेतला आहे.

यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स या शहरात २८ जुलै १९९७ रोजी अचानक पूर आला आणि पाच जणांचा जीव गेला. शहराच्या पश्चिम कडेला दहा इंचांहून अधिक पाऊस झाला होता, तर पूर्वेकडे दोन इंचही नव्हता. त्यानंतर १९९८ मध्ये तेथे घरोघरच्या स्वयंसेवकांचे पर्जन्यनोंदीचे जाळे उभे राहिले, जे आज त्या देशाच्या पन्नासही राज्यांत पोहोचले आहे. त्याही आधी, १८६० साली, इंग्लंडमध्ये पावसाचे अभ्यासक जॉर्ज सायमन्स यांनी पाद्री, शिक्षक, बागमालक अशा हौशी लोकांकडून पावसाची मोजदाद सुरू केली आणि त्यांच्या हयातीतच अशा निरीक्षकांची संख्या तीन हजारांवर गेली. आपल्याकडे तालुका कचेरीच्या आवारात वर्षानुवर्षे जो पर्जन्यमापक असे, तो याच सायमन्स यांच्या नावाचा.

मापनाची रीत सोपी आहे, पण तिला शिस्त लागते. मापक झाडापासून किंवा भिंतीपासून तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, उघड्यावर आणि सरळ उभा हवा. नोंद रोज सकाळी साडेआठलाच व्हावी, कारण आपल्या हवामान खात्याचा पावसाचा दिवसही तेव्हाच संपतो. सुरुवातीला माझ्याकडून एक चूक झाली, ती मुद्दाम सांगतो. लग्नकार्यासाठी तीन दिवस गावी नव्हतो, म्हणून त्या तीन रकान्यांत मी शून्य लिहिले आणि परतल्यावर साठलेले सगळे पाणी चौथ्या दिवसाच्या नावावर टाकले. वहीनुसार आर्द्रात तीन दिवस उघडीप होती. प्रत्यक्षात मात्र शेजारी रोज भिजत रोप लावत होते. मोजले नाही तेथे रकाना कोराच ठेवावा आणि साठलेले पाणी इतक्या दिवसांचे एकत्र असे लिहावे. उलट खरोखर पाऊस नसेल त्या दिवशी शून्य आठवणीने लिहावे, कारण धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीत केलेल्या) पेरणीनंतर किती दिवस ताण बसला हे त्या शून्यांवरूनच कळते.

आपल्या भागाला अशा जाळ्याची गरज आणखी एका कारणाने आहे. हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते, आजरा-गडहिंग्लजवरून संकेश्वरला येते आणि पुढे घटप्रभेला मिळते. नदी एकच, पण तिच्या पाणलोटातल्या पावसाच्या नोंदी दोन राज्यांच्या दोन यंत्रणांकडे विभागलेल्या. संकेश्वरच्या नदीकाठच्या माणसाला आंबोली-आजऱ्याचा पाऊस वेळेवर कळला, तर नदीवरची पाण्याची मोटार आणि जनावरे हलवायला त्याला काही तास हाती मिळतील. चंदगड, आजरा, खानापूर, हुक्केरी, निपाणी येथील शाळांनी व शेतकऱ्यांनी एकाच नमुन्याची नोंदवही ठेवावी, सकाळचा आकडा एकमेकांना कळवावा आणि आपल्या दैनिकाने तो गावाच्या नावानिशी छापावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माध्यमिक शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकाने मनावर घेतले, तर आठवी-नववीची मुले हे काम चोख करतील; मी शाळेत असताना ते पाहिले आहे. मात्र मेच्या सुटीतही नोंद बंद पडता कामा नये, कारण वळीव तेव्हाच पडतो.

मृग नक्षत्राला अजून अवधी आहे. ज्या शाळेला सुरुवात करायची असेल, तिला नोंदवहीचा नमुना देण्यास आणि मापकाची जागा ठरवून देण्यास मी स्वखर्चाने येईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
येळ्ळूर, ता. जि. बेळगाव