रूल का अडला ते शोधून देणाऱ्या ॲडमिन मॅडमना

नमस्कार मॅडम,

तुम्ही म्हणालात, 'आभार कसले, दहा मिनिटांचं तर काम होतं.' त्या दहा मिनिटांआधी माझे दोन दिवस वाया गेले होते, म्हणून हे पत्र.

जिरा या कामांचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला आमचा रूल, म्हणजे आपोआप चालणारा नियम, अगदी साधा. सगळे सबटास्क (पोटकामं) 'डन' झाले की मूळ टास्क बंद करायचा आणि खाली एक कमेंट टाकायची. कित्येक महिने सुरळीत चालला आणि एका सोमवारी ठप्प. मी कंडिशन्स (रूलच्या अटी) तीनदा तपासल्या, ट्रिगर (रूल कशाने सुरू होतो ते) बदलून पाहिला, शेवटी रूल उडवून नव्याने करायच्या बेतात होतो.

तुम्ही कंडिशन्सकडे पाहिलंही नाहीत. आधी ऑडिट लॉग, म्हणजे रूल केव्हा चालला नि काय झालं याची नोंद, उघडलात, मग रूल डिटेल्समधल्या 'ॲक्टर'वर बोट ठेवलंत, म्हणजे ज्याच्या अकाउंटने रूल काम करतो त्याच्या नावावर. तिथे नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचं नाव! त्याचं अकाउंट बंद झालं आणि रूलचे हातपायच गेले. रूलचा ओनर, म्हणजे ज्याला बिघाडाची खबर जाते, तोही तोच, त्यामुळे रूल फेल झाल्याची मेल गेली त्याच्याच बंद मेलबॉक्सवर. दोन दिवस मी ते पान उघडून बसलो होतो, पण ती दोन नावं काही वाचली नव्हती.

'माझंच ॲडमिन अकाउंट लावून टाका ना,' असं मी म्हटलं, तेव्हा तुम्ही हसलात. मग नॉर्म हार्डी या संगणकतज्ज्ञांनी १९८८ मध्ये लिहिलेला किस्सा सांगितलात. एका कंपायलरला (प्रोग्रामचा कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणाऱ्या प्रोग्रामला) स्वतःची आकडेवारी लिहायची म्हणून सिस्टीमच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी होती. कुणीतरी आउटपुटसाठी त्याच फोल्डरमधल्या बिलिंगच्या फाइलचं नाव दिलं आणि कंपायलरने ती इमानेइतबारे पुसून वर लिहिलं. त्या माणसाला बिलिंगच्या फाइलला हात लावायची परवानगी नव्हती, पण कंपायलरला होती. माझ्या अकाउंटवर चालणारा रूल म्हणजे तोच कंपायलर, हे तेव्हा डोक्यात शिरलं. रूल एडिट करू शकणाऱ्या कुणालाही माझे अधिकार आयते मिळाले असते.

मग रूलसाठी वेगळं अकाउंट काढलंत आणि त्याला मोजून तीन परवानग्या दिल्यात: ब्राउझ प्रोजेक्ट्स (प्रोजेक्ट पाहणं), ट्रान्झिशन इश्यूज (टास्कची स्थिती बदलणं), ॲड कमेंट्स (कमेंट टाकणं). आमच्या वर्कफ्लोला तेवढं पुरलं. ओनर म्हणून माझं नाव घातलंत.

तरीही काही टास्क उघडेच राहिले. त्यांना सिक्युरिटी लेव्हल (ठरावीक लोकांनाच टास्क दिसावा अशी मर्यादा) लावलेली होती, म्हणजे प्रोजेक्ट दिसत असला तरी त्या अकाउंटला ते टास्क दिसतच नव्हते. त्या लेव्हलमध्ये रूलला घ्यायला तुम्ही साफ नकार दिलात. खरं सांगू? ते टास्क हाताने बंद करताना अजून वैताग येतो. पण असे टास्क हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, तेव्हा तक्रार नाही.

परवा बाकीचे रूल चाळले. त्यातल्या दोन रूलचा ॲक्टर अजून मीच आहे. कागदावर त्या दोन्ही रूलना लागणाऱ्या परवानग्या लिहून ठेवल्या आहेत, शुक्रवारी जरा नजर टाकाल का?

तुमचा आभारी,
पलीकडच्या टीममधला प्रोजेक्ट मॅनेजर