जानेवारीत नाही, मेमध्ये येते

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवरच सांगणार होते. पण बाबा, पंचाहत्तरीच्या शांतीची यादी काढायला गुरुजी येऊन गेले म्हणालात आणि माझी जीभच उचलली नाही. जानेवारीत माझं येणं होत नाही. तिकीट बदललंय, मेच्या पहिल्या आठवड्यातलं घेतलंय. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, हे मला कळतं.

नीट सांगते, मग काय ते रागवा. इथल्या शाळेत यंदा रोबोटिक्सचा नवा संघ उभा राहतोय. मिशिगनमध्ये सातवी-आठवीच्या मुलांची लहान रोबोंची स्पर्धा असते. नववीत गेलं की मोठी, फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन. १९९२ मध्ये ती सुरू झाली तेव्हा एका शाळेच्या जिममध्ये २८ संघ होते, आता एकट्या मिशिगनमध्ये पाचशेच्या आसपास आहेत. पण आमच्या शाळेत एकही नव्हता. दोन वर्षं रोबो केलेली मुलं नववीत आली की हात बांधून बसायची. संघ नोंदवायला दोन मोठी माणसं जबाबदार लागतात, आणि मुलांमध्ये वावरायचं म्हणून त्यांची आधी चौकशी होते. गणिताच्या बाई एका पायावर तयार होत्या, दुसरं कुणी मिळेना. मी मेकॅनिकल शिकलेली, शाळेपासून पाच मिनिटांवर राहणारी. आपली छोटी अजून तिसरीत आहे, तिचा यात काही फायदा नाही. तरी नाही म्हणवेना.

जानेवारीच का, असं आई विचारणारच. त्या वर्षीचा खेळ जानेवारीच्या सुरुवातीला एका शनिवारी सगळ्या जगात एकाच वेळी जाहीर होतो. रोबोने काय उचलायचं, कुठे टाकायचं, तोवर कुणालाच ठाऊक नसतं. मार्चमध्ये सामने. मधले आठवडे म्हणजे लग्नघर. दोघांपैकी एक जण तिथून उठून गेलं तर मुलांना वर्कशॉपच उघडता येणार नाही.

पैशांची काळजी करू नका. नुसती फी सहा हजार डॉलरच्या घरात आहे, पण राज्याचं अनुदान मिळतं, बाकीचं गावातली दुकानं देताहेत. माझ्या पर्समधून काही जात नाही. नोकरी आहे तशीच आहे. हे काम संध्याकाळी सहा ते साडेआठ आणि शनिवारी. जेवणाचे हाल नाहीत, जावई आमटी-भात उत्तम करतात आता, आणि मुलांचे आईवडील आळीपाळीने डबे आणणार आहेत. थंडीत येते-जाते म्हणून गाडीला बर्फाचे टायर घालून घेतले. स्वेटर घालते, आई. कानटोपीसुद्धा.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे. सरावाला म्हणून आम्ही नुसती चौकट बांधतोय, अॅल्युमिनियमची. परवा एक मुलगी नट बसवत होती. ड्रिल लावलं, घर्रर्र झालं, नट तिरका चढला आणि अडकला. ती रडायच्या बेतात. मी ड्रिल बाजूला ठेवलं आणि म्हटलं, नट आधी उलटा फिरव, टक् असं लागेल बोटाला, मग सुलटा. दोन-तीन आटे हाताने गेले की मगच पाना. तिने डोळे मिटून केलं. टक् लागल्यावर जी हसली ना! डेपोच्या पिटाशी मला डब्यावर बसवून तुम्ही हेच शिकवलं होतंत, माझ्या हातात तो तेरा नंबरचा पाना देऊन. घरी आल्यावर आईने फ्रॉकवरचे ग्रीसचे डाग रॉकेलने काढले होते. परवा रात्री मला झोप आली नाही. तुमचीच आठवण येत राहिली.

२०१९ च्या पुरात मी यायला हवं होतं, आले नाही. तुम्ही दोघं तेव्हा एक शब्द बोलला नाहीत. म्हणून या वेळी गप्प राहू नका. वाईट वाटलं असेल तर सांगा.

शांती मेमध्येच करू. गुरुजींशी मी बोलते, मुहूर्त मिळेल. पण वाढदिवसाला घरात औक्षण झालंच पाहिजे, वहिनीला सांगितलंय. बासुंदी बाबांना अर्धी वाटी, आईला दोन चमचे. तीन महिन्यांची साखर डिसेंबरमध्ये तपासायची, ‘मला काही होत नाही’ हे ऐकणार नाही. बाबांनी गुडघ्याचे व्यायाम रोज करायचे, आणि रात्री बाथरूमचा दिवा चालूच ठेवायचा. बिल किती येतं ते मी बघते. पोळ्यांच्या मावशींना सुट्टी दिलीस तर मला कळवायचं, आई, एकटी परात घेऊन बसू नकोस.

आता तुझ्याकडे काम आहे. रोबो एकमेकांवर आदळतात, म्हणून चहूबाजूंनी प्लायवूडच्या पट्ट्या लावतात. त्यावर पोहायला शिकणारी मुलं धरतात तसल्या फोमच्या लांब नळ्या, आणि वरून जाड कापड. एका सामन्यात आम्ही लाल, दुसऱ्यात निळे, म्हणजे उशीच्या अभ्र्यासारखं बदलता आलं पाहिजे. सरळ बाजूला छान बसतं, कोपऱ्यावर मात्र चुण्या पडतात आणि तिथेच ते फाटतं. मी तीनदा उसवलं. तू गोधडीचा कोपरा मुडपायचीस, आत कात्रीने बारीक चीर देऊन, तसं काहीतरी करायला हवंय, पण चीर कुठवर द्यायची ते आठवत नाही. मशीन माळ्यावर आहे ना? दादा शनिवारी आला की त्याच्याकडून काढून घे. बाबा, तुम्ही स्टुलावर चढायचं नाही, पट्टा बसवायचा तो मशीन खाली आल्यावर. मग रविवारी फोन समोर ठेवून मला एक कोपरा शिवून दाखव, सावकाश. एका रंगाचे चार, दोन्ही मिळून आठ कोपरे आहेत.

तुमची,
चिमी